जाधवकाकी बसत नाहीत

मागल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या शनिवारी दादरच्या एका कायरोप्रॅक्टिक केंद्रात अठरा हजार रुपये भरले. बारा सेशनचे, म्हणजे एका सेशनचे दीड हजार. हजर तिघं: सुगंधा जाधव, पाय त्यांचे आणि पैसेही त्यांचे, माझी बायको ज्योती, जिच्या ऑफिसातल्या कुणाची तरी पाठ तिथे सुटली होती, आणि मी, आमच्या विहाराचा खजिनदार. त्या दिवशी मी खजिनदार म्हणून गेलो नव्हतो, शेजारी म्हणून गेलो होतो. पण सवय जात नाही. पावती मीच घडी घालून खिशात ठेवली.

या उपचारात औषध नसतं. मणके आणि सांधे हाताने दाबून, वळवून मोकळे करतात. जाधवकाकींना पोटावर झोपवून डॉक्टरांनी कमरेवर हात ठेवले, श्वास सोडायला सांगितला आणि दाबलं. कडकन आवाज झाला. ज्योतीने डोळे मिटले.

"काय मोडलं?" काकींनी उशीत तोंड ठेवूनच विचारलं.

"काही नाही मोडलं, काकू. सांध्यातली हवा सुटते, तिचा आवाज."

"हवेचे अठरा हजार?"

डॉक्टर हसले. पस्तिशीतला माणूस, बोलायला सरळ. म्हणाले, "पाठ आखडलीय तुमची, ती मोकळी करतो. पायांचं वचन देत नाही. काही जणांना बरं वाटतं, काहींना नाही. बघू."

काकी टेबलावरून उतरल्या, साडी नीट केली आणि शेजारच्या खुर्चीकडे न बघता उभ्याच राहिल्या. "वचन देत नाही म्हणालात, हे बरं केलंत. देणारे लय भेटले."

काकी तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्यासमोरची खोली त्यांची. नवरा मिलमध्ये होता, संपानंतर काही वर्षांनी गेला. मुलगा मिलिंद ऐरोलीला. काकींनी सगळी नोकरी एका बसस्टँडवर केली. चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुठली रद्द. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी आवाज माइकवरचाच राहिला. प्रत्येक शब्द वेगळा, शेवटचं अक्षर गिळायचं नाही. नळाला पाणी आलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं. गॅसवाला आला की गल्लीतल्या दोन चाळींना कळायचं. पोरं मुद्दाम विचारायची, "काकी, आज लाइट कधी येणार?" आणि काकी गंभीरपणे सांगायच्या, "परळ-भोईवाडा वीज, अनिश्चित काळासाठी उशिरा धावत आहे."

आणि त्या बसायच्या नाहीत. हे आधी कुणाच्या लक्षात आलं ते मला सांगता येणार नाही. जेवायच्या उभ्याने, ओट्याला टेकून. मालिका बघायच्या आमच्या दारात, चौकटीला खांदा लावून, एक टाच वर, एक खाली. ज्योती म्हणायची, "काकी, आत या ना, सोफा आहे." त्या म्हणायच्या, "सोफा तुमचा, दार माझं." कुणाच्या घरी दुःखद घटना घडली तर बाकी बायका भिंतीला टेकून रांगेत बसायच्या, काकी दाराजवळ जागा धरायच्या आणि दर पाच-दहा मिनिटांनी कुणाला पाणी हवं, कुणाच्या चपला सारख्या करायच्या, असं काहीतरी काढून उठायच्या. लोकांना वाटायचं, बाई सेवाभावी आहे. काकींनी तो गैरसमज बरीच वर्षं चालू दिला.

खरं एकदा त्यांनीच सांगितलं. "दिवसा काय नसतं रे. दिवे लागले की सुरू. मुंग्या म्हणतात लोक. मुंग्या परवडल्या, मुंग्या वरून चालतात. हे पोटरीच्या आतून. कुणीतरी सोडावॉटरची बाटली हलवतंय आणि बूच उघडत नाही, असं. उठून चाललं की बूच उघडतं. बसलं की परत." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "खिडकीत बसायचे तेव्हापासून आहे. संध्याकाळच्या पाळीला टेबलाखाली पाय नाचायचे आणि वर मी पुकारायचे, प्रवाशांनी शांतता राखावी."

या आजाराला नाव आहे, हे त्यांना पासष्टीनंतर कळलं. बेचैन पायांचा आजार. नाव कळल्यावर त्या चिडल्याच. "बेचैन मी नाही. पाय आहेत."

पहिल्या मजल्यावर सावंत वहिनी राहतात. माणूस चांगलं, पण रूढी फार. एका संध्याकाळी वहिनींच्या नातवाच्या बारशाला चाळ जमली होती. काकींना आग्रह करून खुर्चीवर बसवलं होतं. पाच मिनिटांत गुडघा हलायला लागला. वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काकी, बसल्या बसल्या पाय हलवू नये हो. घरातली लक्ष्मी जाते."

काकींनी पाय थांबवला नाही. "वहिनी, माझ्या घरी ती आली कधी? आधी येऊ दे, मग थांबवते."

खोली हसली. वहिनीही हसल्या. पण घरी येताना जिन्यात काकी मला म्हणाल्या, "बघ, दुखतं म्हटलं असतं तर शेक दिला असता. हलतं म्हटलं की अपशकुन." हे त्या हसत म्हणाल्या नाहीत.

उपाय सांगणाऱ्यांची कमी नव्हती. चाळीत प्रत्येक घराकडे एक उपाय होता आणि काकींनी तो प्रत्येक करून पाहिला, कुणाचा शब्द मोडायचा नाही म्हणून. पोटऱ्यांना सुती फडकं घट्ट बांधणं. अंथरुणाखाली साबणाची वडी. काशाच्या वाटीने तळपाय घासणं. तिळाचं कोमट तेल. गरम पाण्यात पाय, मग गार पाण्यात पाय. आठ-पंधरा दिवस केलं की गॅलरीत उभं राहून निकाल पुकारायच्या:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. साबणाची वडी, रद्द. फडकं, रद्द, पाय सुजले. काशाची वाटी, सुटताना बरी, पोचत नाही. तिळाचं तेल आणि गरम पाणी, थोड्या वेळासाठी वेळेवर."

साबण सुचवणारे तळमजल्याचे गृहस्थ दोन दिवस बोलत नव्हते.

आता विहाराचं सांगायला हवं, कारण अठरा हजारांची गोष्ट तिथूनच सुरू होते.

चाळीच्या मागे आमचं छोटं विहार आहे. पावसाळ्यात, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावास असतो. रोज संध्याकाळी वंदना झाली की एक जण ग्रंथ वाचतो आणि बाकीचे ऐकतात. वाचणारा पाटावर मांडी घालून बसतो, समोर बुटकं लाकडी स्टँड, त्यावर ग्रंथ. आमच्याकडे बारा वर्षं काकी वाचत होत्या. त्यांच्याआधी पुरुषच वाचायचे आणि निम्मं विहार पेंगायचं. काकींनी पहिल्या वर्षी वाचलं तेव्हा मागच्या भिंतीशी बसलेली म्हातारी माणसंही सरळ झाली. जिथे थांबायचं तिथे त्या थांबायच्या. अवघड शब्द आला की घाबरायच्या नाहीत. एकदा लहान मुलीने विचारलं, "काकी, एवढं मोठं वाक्य एका श्वासात कसं वाचता?" त्या म्हणाल्या, "मुंबई-देवरुख मार्गे महाड-खेड-चिपळूण एका श्वासात पुकारलंय मी. हे सोपं आहे. यात थांबे कमी."

वाचणाऱ्याला चहा द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. रोज एका घराची पाळी. घसा मोकळा राहावा म्हणून आलं घातलेला, कडक, आणि देणाऱ्याचा मान राहावा म्हणून मोठा पेला. काकींना वंदनेआधी एक पेला आणि वाचन संपल्यावर एक, असा कधी चुकला नाही.

गेली दोन-तीन वर्षं त्यांचं हलणं वाढलं होतं. मांडी बदलायची, गुडघा उचलायचा, पाय पुढे काढून परत मागे. वाचन एका शब्दाने अडत नसे, पण समोर बसलेल्यांचं लक्ष पायांकडे जाई. आमचे अध्यक्ष पवारसाहेब बँकेतून निवृत्त झालेले. शिस्तीचे, स्वच्छ माणूस. विहाराचा एक पैसा इकडचा तिकडे होऊ देत नाहीत, हे मी खजिनदार म्हणून सांगतो. पण त्यांना ते हलणं सहन होईना. मे महिन्याच्या सभेत त्यांनी विषय काढला.

"काकी, गैरसमज नको. पण ग्रंथासमोर बसायचं तर स्थिर बसावं. नवी मुलं काय शिकणार? यंदा पौर्णिमेपर्यंत तुम्हाला जमत असेल तर ठीक. नाहीतर आमचा सुशांत वाचेल. तुम्ही आराम करा."

सुशांत त्यांचा पुतण्या. तोही तिथेच बसला होता आणि बिचारा जमिनीकडे बघत होता.

कुणीतरी म्हणालं, समितीने काकींच्या उपचाराला पाच हजार द्यावेत. सगळ्यांनी माना हलवल्या. काकी भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला.

"पाय माझे आहेत, विहाराचे नाहीत. पायांचे पैसे मी भरीन. आणि आराम मला नको, पवारसाहेब. आरामातच तर त्रास होतो."

त्या रात्री ज्योतीने त्यांना दादरच्या केंद्राचं सांगितलं. निवृत्तीच्या ठेवीचं व्याज आलं होतं, त्यातून त्यांनी पैसे काढले. मी म्हटलं, "काकी, आधी दोन सेशन करून बघू. सगळे एकदम कशाला?" रिसेप्शनवरच्या मुलीने बाराला सवलत आहे म्हणून सांगितलं होतं. काकी म्हणाल्या, "प्रदीप, तुला सवलत दिसते. मला पौर्णिमा दिसतेय."

त्यांना पाट हवा होता. आजार जावा असंही त्या म्हणत नव्हत्या. संध्याकाळी तासभर त्या पाटावर बसता यावं आणि जागा हातची जाऊ नये, एवढंच.

पौर्णिमेच्या आत चार सेशन झाली. कमरेचं दुखणं खरोखर कमी झालं. डॉक्टरांनी पोटऱ्या ताणायचा एक प्रकार शिकवला: उतरत्या फळीवर, टाचा खाली आणि चवडे वर, असं उभं राहायचं. काकींनी जिन्याच्या पायरीवर तो सुरू केला. येणारी जाणारी माणसं वळसा घालून जायची. "उतरती फळी, वेळेवर," असा निकालही आला. पण फळीवरून उतरून बसलं की पुन्हा तेच.

आषाढ पौर्णिमेला काकी पांढरी साडी नेसून पाटावर बसल्या. मी समोरच होतो. पूर्ण वाचनात त्या हलल्या नाहीत. कपाळावर घाम होता आणि पदराखाली एका हाताने त्यांनी पोटरी इतकी घट्ट धरली होती की नंतर बोटांचे वळ दिसले. पवारसाहेब समाधानाने म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं." काकी काही बोलल्या नाहीत. हे मला तेव्हाच खटकलं. काकी काही बोलत नाहीत म्हणजे गाडी रद्द आहे.

त्यातच पाऊस आणि सर्दी. पुकारणाऱ्या बाईला आवाजाची भीती सगळ्यात मोठी. नोकरीत असताना काकी पावसाळ्यात सर्दीची एक गोळी घ्यायच्या, आवाज बसू नये म्हणून. तीच त्यांनी पुन्हा सुरू केली. रोज संध्याकाळी, वंदनेआधी, त्या कडक चहाबरोबर. आवाज लखलखीत राहिला. पाय मात्र रोज जास्त बिघडत गेले. झोप तुटली, डोळ्यांखाली काळं आलं.

एका संध्याकाळी, वाचन अर्ध्यावर असताना, त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या. बारा वर्षांत कधी झालं नव्हतं. दोन्ही हात जमिनीला टेकून उठल्या, ग्रंथाला हात जोडले आणि सगळ्यांमधून वाट काढत बाहेर गेल्या. आम्हाला बाहेरच्या फरशीवर त्यांच्या चालण्याचा आवाज येत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पवारसाहेबांनी सुशांतला खूण केली. सुशांतने उरलेलं वाचलं. मागच्या भिंतीशी दोघं पेंगले.

मला वाटलं, काकी आता दार लावून बसतील. म्हणजे उभ्या राहतील. पण सकाळी त्या आमच्या दारात हजर.

"चल दादरला. पाचवं सेशन आहे. आणि आज मी दाबून घेणार नाही. आज मी विचारणार आहे."

त्यांनी विचारलं. "डॉक्टर, पाठ सुटली, मान सुटली. पाय का सुटत नाहीत? खरं सांगा. मी मोठी बाई आहे."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "खरं सांगतो. हे पाठीचं दुखणं नाही. पाठीमुळे त्रास वाढत होता तेवढा कमी केला. याच्या पुढे मी दाबत राहिलो तर तुमचे पैसे जातील. रक्त तपासलंय का? शरीरातला लोहाचा साठा?"

"हिमोग्लोबिन ठीक असतं माझं."

"साठा वेगळा. फिजिशियनकडे जा. आणि हो, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"काही नाही. एक आपली सर्दीची."

"रोज?"

"रोज. आवाजासाठी."

डॉक्टरांनी गोळीची पट्टी मागितली. काकींच्या पर्समध्ये होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही झोप आणणाऱ्या जातीची आहे. अशा गोळ्यांनी हा त्रास वाढतो, काकू. मी बंद करा म्हणत नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण त्यांना ही पट्टी दाखवा. चहा किती?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं. विहाराच्या चहाची पाळी कुणाकुणाची, ते मलाच ठाऊक. मी सांगितलं. मोठे पेले दोन, घरचा वेगळा. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळचा कडक चहाही पायांना झोपू देत नाही.

परळच्या फिजिशियनने तेच सांगितलं आणि रक्त तपासलं. लोहाचा साठा तळाला होता. गोळ्या लिहून दिल्या, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहाच्या आसपास नाही. तपासल्याशिवाय कुणी सुचवलं म्हणून लोह घ्यायचं नाही, हेही बजावलं. सर्दीची गोळी बदलली. आणि म्हणाले, फरक पडायला दोन-तीन महिने लागतील, पूर्ण जाईलच असं नाही.

परतताना काकी भोईवाड्याच्या नाक्यावर थांबल्या. "म्हणजे आवाज राखायला जे जे घेतलं, ते ते पायांनी खाल्लं." मग हसू लागल्या. इतक्या हसल्या की फुलवाला बघायला लागला. हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "दोन-तीन महिने. तोवर वर्षावास संपला. सुशांत बसला पाटावर."

"पुढच्या वर्षी वाचा, काकी."

"पुढच्या वर्षी चाळ रिकामी करतायत, ठाऊक नाही का तुला? कुठलं पुढचं वर्ष?"

हे खरं होतं. पुनर्विकासाचा करार झाला होता.

त्याच आठवड्यात रविवारी समितीची सभा होती. काकी न बोलावता आल्या आणि नेहमीप्रमाणे भिंतीशी उभ्या राहिल्या.

"मला एक विषय मांडायचाय. मी उद्यापासून वाचणार. उभ्याने."

पवारसाहेबांनी चष्मा काढला. "काकी, तुमची तब्येत बघता आम्हाला सहानुभूती आहे. पण ग्रंथवाचन म्हणजे भाषण नाही, उभं राहून करायला."

"सहानुभूती नको. उत्तर द्या. ग्रंथ बसूनच वाचावा, असं कुठे सांगितलंय?"

"सांगितलेलं नसतं. परंपरा असते."

"परंपरा? आपल्या घरात? पवारसाहेब, परंपरा विचारत बसलो असतो तर आपण या विहारात बसलो नसतो आणि मी बाई म्हणून इथे वाचलं नसतं. तुमच्या वडिलांनीच मला पहिल्यांदा वाचायला दिलं. परंपरा म्हणून दिलं?"

पवारसाहेब अभ्यासू माणूस. ते इतक्या लवकर हरणारे नव्हते. ते म्हणाले, "ठीक. मग अर्थ बघा. वर्षावास म्हणजे काय? एरवी चालणारे तथागत पावसाळ्यात एका जागी थांबत. थांबणं हाच त्याचा अर्थ आहे. आणि वाचणारीच चुळबुळ करायला लागली तर?"

काकी भिंतीपासून पुढे आल्या. आवाज चढवला नाही. चढवायची गरज त्यांना कधीच नव्हती.

"एका गावी थांबत, साहेब. एका पाटावर नाही. पंचेचाळीस वर्षं पायी फिरून सांगितलं त्यांनी. आणि थांबले तिथेही सकाळ-संध्याकाळ चंक्रमण करत, येरझाऱ्या घालत. तुम्हीच मागल्या वर्षी वाचून दाखवलंत. त्यांच्या येरझाऱ्या म्हणजे ध्यान आणि माझ्या म्हणजे चुळबुळ?"

पवारसाहेबांनी चष्मा पुसला, परत लावला. समोरच्या बुटक्या स्टँडकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "खजिनदार, या स्टँडची उंची किती?"

मी मोजून सांगितली. ते म्हणाले, "उभ्याने वाचायचं तर उपयोगाचं नाही हे. ग्रंथ हातात धरून इतका वेळ उभं राहता येणार नाही. सुताराला विचारा."

"विचारलंय," काकी म्हणाल्या. "सहा हजार दोनशे म्हणतो. सागवानी, छातीइतकं उंच. आणि खाली उतरती फळी, पाय ठेवायला."

"विचारून आलात?"

"गाडी सुटायच्या आधी फलाट ठरवायला लागतो, साहेब."

"पैसे तुम्ही देणार?" कुणीतरी विचारलं, कारण मागल्या सभेतलं त्यांचं बोलणं सगळ्यांना आठवत होतं.

"मी का देऊ? पायांचे मी दिले. स्टँड ग्रंथाचं आहे. ते विहार देईल."

दुसऱ्या दिवसापासून काकी उभ्याने वाचू लागल्या. स्टँड तयार होईपर्यंत टेबलावर एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून, त्यावर पांढरं कापड घालून. कधी टाचा उचलत, कधी पानाच्या शेवटी चार पावलं टाकून परत येत. पोरांना ते भारी वाटलं. चहाच्या जागी कोमट पाणी आलं. पाळी तशीच राहिली आणि पेलाही मोठाच. आवाज मात्र पूर्वीचा राहिला नाही. श्रावणात तो घोगरा झाला, दोन दिवस तर फाटला. काकींनी नवी गोळी कमी आणि मिठाच्या गुळण्या जास्त केल्या आणि फाटक्या आवाजात वाचलं. शेवटचं अक्षर तरीही गिळलं नाही. सुशांत रोज पहिल्या रांगेत बसायचा. एका संध्याकाळी त्यांना खोकला आवरेना तेव्हा त्यांनीच त्याला बोलावून पुढचं पान वाचायला लावलं. "बसू नको," म्हणाल्या, "उभ्याने वाच, आवाज पोटातून येतो."

अश्विन पौर्णिमेला ग्रंथ पूर्ण झाला. बाहेरून भन्ते प्रवचनाला आले होते. काकींनी ग्रंथ मिटला, हात जोडले, नव्या स्टँडच्या फळीवरून उतरल्या आणि बायकांच्या शेवटच्या रांगेत जाऊन मांडी घालून बसल्या. मी वळून पाहिलं. ज्योतीनेही पाहिलं. प्रवचन चांगलं तासाभराचं झालं. काकी हलल्या नाहीत. पोटरी धरली नव्हती, हात मांडीवर उघडे होते. संपल्यावर खीर वाटताना पवारसाहेब त्यांच्याजवळ आले.

"काकी, आता बसता येतं की तुम्हाला!"

"येतं. निम्म्याहून जास्त गेलंय."

"मग पुढल्या वर्षी, जिथे असाल तिथे, पाटावर बसून वाचा."

"येतं म्हटलं, साहेब. बसणार म्हटलं नाही."

डिसेंबरात चाळ रिकामी झाली. काकींना न्यायला मिलिंद टेम्पो घेऊन आला. दिवे लागायची वेळ होती, त्यांची वाईट वेळ. टेम्पोवाला पुढची सीट पुसून म्हणाला, "आजी, बसा." काकींनी त्याला सामान मोजायला लावलं, सावंत वहिनींना हाक मारली, विहाराच्या दिशेने हात जोडले. मग मिलिंदला म्हणाल्या, "तू हो पुढे. मी नाक्यापर्यंत चालते, तिथे बसते." आणि टेम्पोच्या मागून, पर्स काखेत धरून, ताठ चालत गेल्या. वळणावर टेम्पो थांबला तेव्हा त्यांनी मागे वळून आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारलं, "परळ-ऐरोली, सुटत आहे." त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. फोन असतो. ऐरोलीच्या विहारात यंदा त्या वाचतायत. कसं, ते मी विचारलं नाही.

हिशेब पुरा करतो. दादरच्या डॉक्टरांनी न झालेल्या सात सेशनचे साडेदहा हजार काकींना परत केले. त्यांनी मागितले नव्हते. आणि उंच स्टँडचे सहा हजार दोनशे सुताराला दिले, विहाराच्या निधीतून. व्हाउचरवर पवारसाहेबांची सही आहे. ती त्यांनी उभ्याने केली, नव्या स्टँडवर कागद ठेवून.